नव्या मोटारसायकलीची पहिली सर्व्हिस : नोंद आणि प्रत्यक्ष काम

मोटारसायकल ही आता शेतकऱ्याच्या घरची चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळचे दूध डेअरीवर पोचविणे, विहिरीवरची मोटर चालू करावयास रात्री-अपरात्री मळ्यात जाणे, पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पिशवी आणणे, मुलांना शाळेत सोडणे ही सर्व कामे तिच्यावरच चालतात. बैलजोडीप्रमाणे तीही आता शेतीच्या भांडवलात मोडते, आणि पुष्कळ घरी ती कर्ज काढून घेतलेली असते. असे असूनही बैल घेताना दात, खूर, खांदा व चाल पाहणारा आपला शेतकरी गाडीच्या बाबतीत मात्र दुकानदाराच्या शब्दावर सर्वस्वी विसंबून राहतो. पहिल्या सर्व्हिसच्या वेळी तर हे फारच घडते. सकाळी गाडी दुकानात लावावी, बाजार करावा, आणि सायंकाळी धुतलेली चकचकीत गाडी व शिक्का मारलेले पुस्तक घेऊन घरी यावे, एवढ्यावर समाधान मानले जाते. ते काम खरोखर झाले की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः कसे पडताळावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमची उमर महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तेथे एक गोष्ट आमच्या मनावर कायमची ठसली. ती ही की, नोंद वेगळी आणि वस्तुस्थिती वेगळी. चावडीत बसून भरलेल्या पीकपाहणीत ज्वारी असते आणि बांधावर जाऊन पाहावे तो ऊस उभा असतो. नोंद करणारा प्रत्येक मनुष्य लबाड असतो असे नव्हे. पुष्कळदा कामाची गर्दी असते, आणि ‘मागील प्रमाणे’ लिहून टाकणे सोपे असते. सर्व्हिसच्या पुस्तकातील बरोबरच्या खुणांचेही असेच आहे. खूण म्हणजे काम नव्हे, शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. खरी तपासणी बांधावरच, म्हणजे ह्या ठिकाणी गाडीच्या शेजारी उभे राहूनच करावी लागते. त्याकरिता यंत्रविद्या शिकण्याची गरज नाही. एक लहान पट्टी, एक स्वच्छ फडके, एक विजेरी आणि अर्ध्या तासाची सवड एवढे साहित्य पुरे आहे.

पहिली सर्व्हिस महत्त्वाची का?

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत, गिअरचे दाते व क्लचच्या चकत्या हे भाग एकमेकांवर प्रथमच घासू लागतात. कारखान्यात ते कितीही गुळगुळीत केलेले असले तरी त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे राहतातच. पहिल्या काही शेकडा किलोमीटरांत हे उंचवटे झिजून भाग एकमेकांशी जुळतात. ह्यालाच गाडी ‘रवणे’ म्हणावे. झिजलेल्या धातूचा हा बारीक चुरा इंजिनातील ऑइलमध्ये उतरतो. तो वेळेवर काढून टाकला नाही तर तेच ऑइल वंगणाऐवजी खरकागदाचे काम करू लागते. ह्याच काळात नवी चेन ताणली जाते, तारांच्या चाकातील आरे सैल होतात, ब्रेकच्या पट्ट्या बसतात आणि खडबडीत रस्त्याने नटबोल्ट ढिले पडतात. म्हणून पुढील कोणत्याही सर्व्हिसपेक्षा ही पहिली सर्व्हिस अधिक मोलाची होय.

तिची मुदत प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. आपल्याकडील लहान गाड्यांना ती बहुधा ५०० ते १००० किलोमीटरांच्या दरम्यान अथवा ठराविक दिवसांच्या आत असते, आणि ह्या दोहोंपैकी जे आधी येईल ते धरावयाचे असते. ‘गाडी फार चालली नाही, मग कशाला?’ असे म्हणून दिवसांची मुदत चुकविणारे पुष्कळ आढळतात. पुढे वॉरंटीचा प्रश्न निघाला की हीच चूक त्यांना भोवते.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. आपल्याकडे गाड्यांची खरेदी दसरा, धनत्रयोदशी, पाडवा ह्या मुहूर्तांवर होते. सर्वांची खरेदी एकाच वेळी, तेव्हा सर्वांची पहिली सर्व्हिसही सुमारे महिन्या-दीड महिन्याने एकाच वेळी येते. त्या दिवसांत दुकानात गाड्यांची रांग लागते व फिटरला एकेका गाडीमागे थोडाच वेळ मिळतो. काम अर्धवट राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून मुदतीच्या आत राहून बाजाराचा व सुट्टीचा दिवस टाळावा, आणि आदल्या दिवशी विचारून सकाळचा पहिला नंबर घ्यावा.

मोफत सर्व्हिसचा खरा अर्थ

पहिल्या सर्व्हिसला ‘मोफत’ म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की, तिची मजुरी गिऱ्हाइकाकडून घ्यावयाची नसते. ऑइल व इतर खर्चाच्या जिनसा ह्यांचे पैसे आपणच देतो. दुकानदाराची मजुरीही बुडत नाही; तो कूपन अथवा नोंद पाठवून ती कंपनीकडून वसूल करतो. अर्थात ह्या कामाचा मोबदला त्याला मिळतो, आणि तो शेवटी गाडीच्या किमतीतूनच आलेला असतो. म्हणून ‘फुकटचे काम आहे, कसे बोलावे?’ हा संकोच मनात आणू नये. काम न करता कूपन पाठविले तर मोबदला मात्र पूर्ण मिळतो, हेही येथेच समजून घ्यावे.

घरून निघण्यापूर्वीची तयारी

गाडीबरोबर मिळालेले पुस्तक आधी वाचावे. त्यात देखभालीचा एक तक्ता असतो व त्यात पहिल्या सर्व्हिसच्या रकान्यात इंग्रजी अक्षरे लिहिलेली असतात. बहुतेक पुस्तकांत ‘आय’ म्हणजे तपासणे, ‘आर’ म्हणजे बदलणे, ‘सी’ म्हणजे साफ करणे, ‘ए’ म्हणजे जुळविणे, ‘एल’ म्हणजे वंगण देणे आणि ‘टी’ म्हणजे आवळणे असा संकेत असतो. हा तक्ता हाच आपला कायदा. त्यात जे ‘बदलणे’ आहे ते बदललेच पाहिजे, आणि जे नुसते ‘तपासणे’ आहे ते बदलण्याचा आपणही हट्ट धरू नये. तक्त्याच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

नंतर गाडीची ‘पूर्वस्थिती’ नोंदवावी. किलोमीटरचा काटा, ऑइलची पातळी व रंग, चेनचा ढिलेपणा, दोन्ही चाकांतील हवा आणि ब्रेक व क्लचची मोकळी हालचाल हे सर्व एका वहीत तारखेसह लिहावे. शक्य तेथे फोटो घ्यावेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकरी स्वतःच मोबाईलवर पिकाच्या फोटोसह पीकपाहणीची नोंद करू लागला आहे. तीच सवय येथे उपयोगी आणावयाची आहे.

ह्याशिवाय एक सोपी युक्ती सांगतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल काढण्याचा एक नट असतो. इंजिन थंड असताना तो फडक्याने स्वच्छ पुसावा, आणि घरातील बायकामुली नखांना लावतात त्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ अशी ओढावी की, अर्धी रेघ नटाच्या डोक्यावर व अर्धी इंजिनाच्या अंगावर येईल. नट एकदा खोलला की ही रेघ तुटते व पुन्हा तंतोतंत जुळणे कठीण असते. मोजणीच्या वेळी हद्दीला खूण करतात तसेच हे आहे. मात्र एकाच पुराव्यावर निवाडा करू नये. रेघ, ऑइलचा रंग, ऑइलची पातळी व बिल ह्या चारही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

गाडी स्वाधीन करताना

गाडी देताना जॉबकार्ड बनविल्याशिवाय दुकान सोडू नये. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख, वेळ, टाकीतील पेट्रोलचा अंदाज आणि आपली प्रत्येक तक्रार स्पष्ट लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढे दोन शब्द लिहिले की त्यात सर्व येते आणि काहीच येत नाही. त्याऐवजी ‘दुसऱ्या गिअरमध्ये आवाज’, ‘मागचा ब्रेक उशिरा लागतो’ अशी एकेक बाब लिहवावी. जॉबकार्डाची प्रत किंवा निदान फोटो आपल्याजवळ असावा.

ह्याच वेळी इंजिन साफ करण्याचे औषध, ऑइलमध्ये मिसळावयाचे द्रव्य, रंगावरचे चकाकीचे लेपण अशा जिनसा सुचविल्या जातात. पुस्तकातील तक्त्यात ज्याचे नाव नाही, त्याची नव्या गाडीला गरज नाही. नम्रपणे परंतु स्पष्ट नाही म्हणावे, आणि ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असे जॉबकार्डावर लिहवावे.

शक्य असेल तर काम चालू असताना जवळ थांबावे. निदान ऑइल बदलताना तरी डोळ्यांदेखत काम व्हावे अशी विनंती करावी. ऑइलची बाटली सीलबंद असावी व ती आपल्यासमोर फोडावी. दुकानात पिंपातून ऑइल घालण्याची पद्धत असेल तर मापाचे भांडे पाहावे. जुने ऑइल काढल्यावर त्यात रुपेरी चमक दिसल्यास घाबरू नये. ती झिजेचीच असून पहिल्या वेळी स्वाभाविक आहे. मात्र धातूचे हाताला लागतील असे तुकडे निघाले तर ती बाब लगेच लिहून घ्यावी.

गाडी परत घेताना करावयाची तपासणी

ही तपासणी पैसे देण्यापूर्वी आणि दिवसाउजेडी करावी. गाडी धुतलेली आहे ह्याने भुलू नये. धुणे हे सर्वांत शेवटचे व सर्वांत कमी महत्त्वाचे काम होय.

(१) ऑइल. सपाट जागी गाडी सरळ उभी करावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे व तितकाच वेळ थांबावे. काही गाड्यांना ऑइल पाहण्याची लहान काच असते, काहींना मोजपट्टी असते. पट्टी पुसून पुन्हा आत घालून पाहावी. ती फिरवून बसवावयाची की नुसती टेकवावयाची, हे पुस्तकात दिलेले असते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावे. कमी असणे जितके वाईट तितकेच जास्त असणेही वाईट, कारण जादा ऑइल हवेच्या नळीवाटे एअर फिल्टरपर्यंत पोचते. नवे ऑइल मधाच्या रंगाचे व पारदर्शक असते. जुने पट्टीवर काळपट दिसते. आत थोडे जुने ऑइल उरतेच, म्हणून किंचित गडदपणा चालेल. पण घरून निघताना पाहिलेला काळा रंग तसाच असेल तर ऑइल बदललेले नाही असे समजावे. रेघ मारलेला नटही ह्याच वेळी विजेरीने पाहावा व त्याच्या भोवती ओलावा नाही ना, हे बोटाने तपासावे.

ऑइल कोणते घातले हेही विचारावे. मोटारसायकलीत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीकरिता बनविलेल्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व त्यांनी क्लच घसरू लागतो. म्हणून पुस्तकात सांगितलेला जाडीचा अंक, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०, आणि बाटलीवर ‘जासो एमए’ अथवा ‘एमए२’ हा शिक्का दोन्ही पाहावेत. स्कूटरकरिता असणारे ‘एमबी’ शिक्क्याचे ऑइल मोटारसायकलीस योग्य नव्हे.

(२) चेन. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वरखाली हलवून एकूण हालचाल पट्टीने मोजावी. पुष्कळ लहान गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असते. आपल्या पुस्तकातील आकडा प्रमाण मानावा. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे व सर्वांत ताठ जागेचे माप धरावे. ज्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते त्यांच्या झाकणाला रबरी बूच असलेले भोक असते, त्यातून पाहावे. सैल चेन जितकी वाईट तितकीच वीणेच्या तारेसारखी ताठ चेनही वाईट, कारण ती बेअरिंगे खाते व खड्ड्यात तुटू शकते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस जुळवणीच्या खुणा असतात. त्या दोन्हीकडे सारख्या नसतील तर चाक तिरपे बसलेले आहे. शेवटी आसाचा मोठा नट पक्का आहे ना, आणि जेथे पिन असावयास हवी तेथे ती आहे ना, हे अवश्य पाहावे. हा नट सैल राहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

(३) ब्रेक. मागचा पाय-ब्रेक ड्रमचा असल्यास तो लागण्यापूर्वी बहुधा २० ते ३० मिलिमीटर मोकळा जावा. चाक उचलून हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे व ब्रेक दाबताच थांबले पाहिजे. दिवाही त्याच क्षणी लागावा. पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर डबीतील द्रवाची पातळी खुणेच्या वर आहे का, ते पाहावे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एका ब्रेकाबरोबर दुसराही काही अंशी लागावा अशी जोडणी अथवा एबीएस असणे आवश्यक झाले आहे. अशी जोडणी असलेल्या गाडीचा पायब्रेक दाबला असता पुढचे चाकही अडते की नाही, हे एका मनुष्याला ते फिरवावयास सांगून तपासावे.

(४) क्लच व ॲक्सिलेटर. क्लचचा दांडा टोकाशी बहुधा १० ते २० मिलिमीटर मोकळा हलावा. ही मोकळीक मुळीच नसेल तर क्लच घसरून जळतो. फार असेल तर गिअर अडखळतात. ॲक्सिलेटरची मूठ सोडताच आपोआप मागे यावी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळविले असता इंजिनाचा आवाज बदलू नये.

(५) चाके व हँडल. हवेचा दाब गाडीवरील चिठ्ठीप्रमाणे असावा. एकट्याचा व दोघांचा आकडा निराळा असतो. चाक आऱ्यांचे असल्यास लहान पान्याने प्रत्येक आऱ्यावर हलके ठोकावे. सर्वांचा नाद साधारण सारखा यावा. जो बद्द वाजतो तो सैल आहे. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल हलवावे. खडखड होऊ नये व अडकूही नये.

(६) टॅपेट, प्लग व एअर फिल्टर. व्हॉल्व्हची फट, म्हणजेच टॅपेट, हे इंजिन थंड असतानाच मोजण्याचे काम आहे. पुस्तकात ते पहिल्या सर्व्हिसला सांगितले असेल आणि आपण दहा मैल चालवून आणलेली तापलेली गाडी अर्ध्या तासात परत मिळाली, तर ते काम योग्य रीतीने झालेले नाही हे उघड आहे. इंजिनाची बारीक टिकटिक ऐकून टॅपेट उगीच कसून घेऊ नयेत. फार कसलेले व्हॉल्व्ह आवाज करीत नाहीत, पण जळतात. प्लग खोलल्याच्या व फिल्टरची डबी उघडल्याच्या खुणा स्क्रूंच्या डोक्यांवर आणि धुळीच्या थरावर सहज दिसतात.

(७) दिवे, बॅटरी व इशाऱ्याचा दिवा. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचे मान लागू आहे. बहुतेकांत कार्बुरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारे यंत्र आले असून मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक दिवा असतो. चावी फिरविताच तो लागावा आणि इंजिन चालू झाल्यावर विझावा. तो तसाच राहिला तर गाडी घेऊन जाऊ नये.

ह्यानंतर फिटरला बरोबर घेऊन दोन किलोमीटर गाडी चालवावी, आणि मगच बिल पाहावे. बिलात ऑइलाचे नाव, जाडी व माप स्वतंत्र लिहिलेले असावे. सर्व्हिस पुस्तकातील किलोमीटर व तारीख ही जॉबकार्डाशी जुळावीत.

दोन उदाहरणे

आमच्या सीनाकाठच्या भागात घडलेली दोन उदाहरणे येथे देतो. एका दूध घालणाऱ्या तरुणाने वर सांगितल्याप्रमाणे नटावर रेघ मारली होती. सायंकाळी पुस्तकात सर्व खुणा भरलेल्या, बिलात ऑइलाची एक बाटली मांडलेली, परंतु रेघ अखंड व पट्टीवरील ऑइल सकाळच्या फोटोइतकेच काळे. त्याने आवाज चढविला नाही. फोटो व बिल व्यवस्थापकासमोर ठेवले, एवढेच. व्यवस्थापकाने फिटरला बोलावून त्याच्या देखत ऑइल बदलविले व चेनही पुन्हा जुळवून दिली. सर्व मिळून पाऊण तास लागला.

दुसरे उदाहरण एका बागायतदाराचे. त्याच्याजवळ शिक्क्याच्या पुस्तकाखेरीज काही नव्हते. पुढे दोन हजार किलोमीटरांच्या आत इंजिन वाजू लागले. खोलून पाहिले तो ऑइल तळाला गेलेले. दुकानदार म्हणे, मालकाने पाहिले नाही. मालक म्हणे, सर्व्हिसलाच पुरते घातले नाही. खरे काय, हे दोघांपैकी कोणालाच दाखविता आले नाही. अशा वादात ज्याच्या हाती कागद नसतो तो हरतो. दुरुस्तीचे पैसे त्या वर्षीच्या कांद्याच्या पट्टीतून गेले.

घरी आल्यावर

त्या रात्री इंजिनाखाली एक स्वच्छ पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर ऑइलाचा ठिपका दिसल्यास नट किंवा त्याखालील वायसर नीट बसलेला नाही. सुमारे ५० किलोमीटर झाल्यावर ऑइल, चेन व आसाचे नट पुन्हा पाहावेत. त्यानंतर ऑइल पंधरवड्यातून एकदा पाहण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी. दुकानदाराने आपले काम चोख केले तरी पुढील राखण मालकाचीच असते.

उणीव आढळल्यास काय करावे?

प्रथम दुकानाच्या सर्व्हिस व्यवस्थापकाकडे शांतपणे जावे व उणीव प्रत्यक्ष दाखवावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. फिटरशी भांडण करू नये. दिवसाकाठी इतक्या गाड्या उरकण्याचा भार त्याच्या डोक्यावर दुसऱ्यानेच ठेवलेला असतो. तेथे दाद न लागल्यास लेखी अर्ज द्यावा व प्रतीवर पोच घ्यावी. अर्जाचा मसुदा असा :

‘सविनय सादर की, आमची मोटारसायकल, नोंदणी क्रमांक अमुक, ही अमुक तारखेस अमुक किलोमीटर झाले असता पहिल्या सर्व्हिसकरिता आपल्याकडे दिली होती. जॉबकार्ड क्रमांक अमुक. पुस्तकातील तक्त्याप्रमाणे पुढील कामे व्हावयास पाहिजे होती, परंतु झालेली आढळत नाहीत : (१) ... (२) ... सोबत फोटो, जॉबकार्ड व बिल ह्यांच्या प्रती जोडल्या आहेत. तरी सात दिवसांच्या आत सदर कामे विनामोबदला पूर्ण करून तसे लेखी द्यावे. कळावे.’

ह्या अर्जाची प्रत पुस्तकात दिलेल्या कंपनीच्या पत्त्यावरही पाठवावी. तरीही उपयोग न झाल्यास सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याअन्वये तक्रारदाराला तो राहतो अथवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान परजिल्ह्यात असले तरी हरकत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस फी नाही. विकलेल्या मालाचे अथवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीही ह्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. गाडी दुधाच्या धंद्याला वापरता म्हणून तुम्ही ग्राहक नव्हेत, असे कोणी म्हणाल्यास घाबरू नये. केवळ स्वतः राबून उपजीविका चालविण्याकरिता घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही.

तात्पर्य

सर्व दुकानदार फसवे आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चोख काम करणारे अनेक आहेत, आणि आपले काम कोणी जाणून पाहिले तर त्यांना आनंदच होतो. परंतु तपासणाऱ्या मालकाच्या गाडीकडे आणि न तपासणाऱ्याच्या गाडीकडे एकाच फिटरचा हात सारखा चालत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. मोजणीला खातेदार स्वतः हजर असला की साखळी सरळ पडते, हे आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा तक्ता वाचावा, पूर्वस्थिती लिहावी, ताबा घेताना हाताने व डोळ्याने पडताळावे आणि प्रत्येक कागद जपून ठेवावा. सातबाऱ्याचा उतारा व कर्जाची पावती ज्या पेटीत ठेवतो, त्याच पेटीत गाडीचे जॉबकार्ड, बिल व सर्व्हिस पुस्तक ठेवावे, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.